‘अख्खं वायरिंग उपटा’ म्हणणाऱ्यांनो, आधी मीटर हातात घ्या

जुनाट_पाना:
काल एका नव्या सभासदाने मदत मागितली होती. हौसेने घेतलेली वीस वर्षं जुनी गाडी, दोन सीटची, छत उघडणारी. तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. उजवा इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा पार्किंगचा दिवाही सोबत लुकलुकतो. डावी काच लहर लागली तर खाली जाते. यावर ‘तिसरा_गिअर’ यांचा एका ओळीचा निकाल: "वीस वर्षांच्या तारांत वेळ घालवू नका, सगळं उपटून नवा हार्नेस (तारांचा अख्खा जुडगा) टाका." आणि खाली सहमतीची ही रांग! तिथे लिहिलं असतं तर शब्द वाढले असते, म्हणून वेगळा धागा काढला.

अहो, इंडिकेटरबरोबर पार्किंग लुकलुकतं म्हणजे त्या दिव्याचं अर्थिंग गेलंय. करंटला बॉडीत उतरायला वाट नाही, म्हणून तो शेजारच्या फिलामेंटमधून उलटा फिरून दुसरीकडून वाट काढतो. तुम्ही नवाकोरा हार्नेस आणून त्याचा लग (तारेच्या टोकाची कडी) त्याच गंजक्या बोल्टवर आवळलात तर काय होणार? हार्नेस नवा, लुकलुक जुनीच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दिवा चालू ठेवा, मीटर व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या अर्थला. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर बोल्ट खोला, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा. आणि कृपा करून हे ओहमवर मोजू नका. वीस धाग्यांच्या तारेतला एक धागा शिल्लक असला तरी ओहममीटर ‘सगळं उत्तम’ म्हणतो. भार पडला की पितळ उघडं पडतं.

बॅटरीचं गणित त्याहून सोपं आहे. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत आडवी होते, म्हणजे गाडी बंद असताना कुणीतरी ३०० ते ६०० मिलिअँपिअर पितंय. धडधाकट गाडी झोपल्यावर साधारण ५० च्या आत असते. तार म्हातारी झाली म्हणून तिच्यातून एवढा करंट आपसूक गळत नाही. कुठलं तरी यंत्र जागं आहे. नव्या हार्नेसला जोडलं तरी ते तेवढंच पिणार.

शोधायचं कसं? बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला वाटेल झाकलंय. दाराच्या लॅचलाही तेच. किल्ली लांब ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका. मग फ्यूज न उपटता प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टिकल्यांवर मिलिव्होल्ट मोजा. ज्याच्यावर आकडा दिसेल त्याच्या मागे चोर. फ्यूज काढून परत लावला तर झोपलेली मॉड्यूलं (गाडीतले इलेक्ट्रॉनिक डबे) जागी होतात आणि पुन्हा अर्धा तास जातो.

तिसरा_गिअर:
मला उद्देशून धागा काढलाच आहे तर ऐका. मी आठ महिने हेच ‘मीटर हातात घ्या’ केलं. एक अर्थ घासला तर वायपर बंद. वायपर केला तर मीटरच्या काट्यांनी मान टाकली. शेवटी डॅशबोर्ड उतरवला तर आत तिघा मालकांनी केलेले अठ्ठावीस जोड! लाल तारेला निळी, निळीला पिवळी. नवा हार्नेस टाकल्यावर गाडी आजतागायत बिनबोभाट चालते आहे.

आणि तुम्ही इन्सुलेशनबद्दल चकार शब्द काढला नाही. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीज माहीत असतीलच, आर१२९ एसएलसकट. इंजिनच्या हार्नेसचं वेष्टण उष्णतेने भुगा होऊन गळतं, आतलं तांबं तांब्याला भिडतं. तिथे काय, एकेका तारेचा व्होल्टेज ड्रॉप काढत बसणार? मीटर म्हणेल छान, आणि दुसऱ्या दिवशी धूर.

जुनाट_पाना:
आर१२९ चं मान्य. वेष्टण हातात भुगा होऊन येत असेल तर बदलाच, तिथे मीटरचं काम नाही. पण तो इंजिनचा हार्नेस झाला. हिच्या काचेसाठी आणि इंडिकेटरसाठी अख्खी गाडी सोलायची? आणि अठ्ठावीस जोड सापडले ना? ते काढले असते तर मूळ तारांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?

नवी_जुनी:
मूळ प्रश्न माझा आहे. सगळ्यांचे आभार. एकच शंका, काचेचं काय? मोटर बदलू का?

रात्रपाळी:
मोटरला हात लावू नका भाऊ. दार उघडून बिजागरीकडची रबरी नळी मागे सरकवा. दार हजारो वेळा उघडमीट होतं आणि तारा तिथेच वाकून वाकून आतल्या आत तुटतात. दार उघडं असताना काच चालते आणि बंद केल्यावर नाही, किंवा उलट, असं होत असेल तर खात्रीच समजा. बिनचौकटीच्या काचेची दारं असतील तर लॅचमधला मायक्रोस्विचही बघा. तो अडकला की गाडीला दार उघडंच वाटतं आणि ती झोपत नाही. तुमची बॅटरी तोच खात असेल!

पण त्याआधी पाणी शोधा. छत उघडणाऱ्या गाडीत इलेक्ट्रिकलचा निम्मा आजार पाण्याचा असतो. पोर्शे बॉक्स्टर ९८६ मध्ये इमोबिलायझरचा (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारा) डबा सीटखाली, गालिच्याच्या पातळीला. छताच्या पन्हळींची भोकं पालापाचोळ्याने तुंबली की पाणी थेट त्याच्यावर. पहिल्या बीएमडब्ल्यू झेड४ मध्ये छताची मोटर अशा खळग्यात की निचरा तुंबला तर ती बुडते. गालिचा उचला, खालचा फोम दाबा. ओला निघाला तर मीटर नंतर.

आणि जे लोक विकायच्या आदल्या दिवशी प्रेशरने इंजिन धुऊन चकचकीत करतात त्यांना एकदा त्या पाण्याखाली उभं केलं पाहिजे. माझ्या गाडीच्या कॉइलच्या खड्ड्यात वाटीभर पाणी निघालं होतं.

नवी_जुनी:
भाऊ नाही, ताई. गालिचा कोरडा आहे. नळी उद्या बघते.

शून्य_व्होल्ट:
एवढं रामायण कशाला? बॅटरी किती जुनी ते कुणी विचारलं का? रात्रभर ठेवल्यावर १२.६ च्या आसपास हवी, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. नाहीतर बॅटरी किंवा अल्टरनेटर, विषय संपला. विकणारे लोक कुठली तरी स्वस्तातली बॅटरी कोंबतात आणि फॉल्ट कोड पुसून गाडी दाखवतात. जुन्या माझदा एमएक्स-५ मध्ये बॅटरी डिकीत असते, तिचे वायू बाहेर काढायला नळी लागते. तिथे साधी बॅटरी बसवली की आम्लाच्या वाफेने आसपासचा पत्रा खलास. आणि अलीकडच्या बऱ्याच बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी गाडीला ‘सांगावी’ लागते, नाहीतर ती जुनी समजूनच चार्ज करत राहते.

अवांतर: सुरुवातीच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत पॉझिटिव्ह अर्थ होता, म्हणजे बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक, आणि सीटमागे ६-६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. दिवे-वायरिंग पुरवणाऱ्या लुकासला लोक थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणायचे, पण निम्मे दोष लोकांनी उलटी तार जोडून स्वतः केलेले.

ओहम_शांती:
पान्याशी सहमत. ताई, नळीत तार तुटलेली निघाली तर घाबरू नका. दोन्ही टोकं सोला, एकमेकांत गुंफा, सोल्डरने छान डाग द्या, वर हीटश्रिंक (गरम केलं की आवळणारी नळी). आयुष्यभराची निश्चिंती.

पक्कड:
सोल्डर? दाराच्या नळीत?? ताई, हे अजिबात करू नका. सोल्डर धाग्यांमधून वर इन्सुलेशनच्या आत चढतो. जिथे तो संपतो तिथे एकीकडे कडक काडी, दुसरीकडे मऊ तार. दार हललं की नेमकी तिथे तुटणार. कारखान्यातून आलेला कुठलाही हार्नेस उघडा, टर्मिनलं क्रिंप केलेलीच, म्हणजे तारेवर दाबून बसवलेलीच दिसतील. ते काय वेडे आहेत?

ओहम_शांती:
कारखान्यात क्रिंप असतो कारण मशीन सेकंदाला एक ठोकतं. वेगासाठी आहे तो, दर्जासाठी नाही. तुमच्या ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) बोर्डावर किती सोल्डरचे टाके आहेत ते मोजा, मग बोला.

पक्कड:
बोर्ड वाकतं का? आणि बोर्डाचंच काढलंत तर पोर्शे ९४४ आणि ३.२ कॅरेराचा डीएमई रिले (इंजिनच्या संगणकाला आणि पेट्रोलच्या पंपाला वीज देणारा स्विच) का मरतो सांगा. आतले सोल्डरचे टाके तडकतात, पेट्रोलचा पंप थांबतो, गाडी जागच्या जागी उभी. म्हणून जाणते मालक ग्लोव्ह बॉक्समध्ये जादा रिले ठेवतात. घ्या तुमची आयुष्यभराची निश्चिंती.

ओहम_शांती:
आणि तो रिले दुरुस्त कशाने होतो? टाके पुन्हा वितळवून! म्हणजे सोल्डरनेच! तुमच्या त्या लाल-निळ्या टोप्यांचे क्रिंप मी वापरलेत. भर रात्री पुढचे दिवे गेले, बॉनेट उघडलं, तार नुसती ओढली तर टोपीतून अलगद हातात. वळणावर होतो राव. तेव्हापासून क्रिंपचं नाव घेतलं की अंगावर काटा येतो.

पक्कड:
त्या टोप्या कशाने दाबल्या होत्या?

ओहम_शांती:
पक्कडीने.

पक्कड:
नाचता येईना अंगण वाकडं! रॅचेटचं क्रिंपिंग हत्यार लागतं त्याला. पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही ते. तारेच्या जाडीप्रमाणे टर्मिनल लागतं. पक्कडीने चेपलं की तो क्रिंप नसतो, चेंगराचेंगरी असते.

ओहम_शांती:
सभासदाचं नाव ‘पक्कड’, आणि सल्ला काय, तर पक्कड वापरू नका. वा.

रात्रपाळी:
नासाच्या केबल-हार्नेसच्या मानकात क्रिंपचे नियम आहेत तसे सोल्डरच्या जोडांचेही आहेत. दोन्ही चालतं, नीट केलं तर. भांडण मिटवा आता.

पक्कड:
नासाचं यान दिवसातून वीस वेळा दार आपटतं का? हलणाऱ्या जागी सोल्डर नको, यावर मी ठाम आहे. डॅशबोर्डमागे जिथे तार पट्टीने घट्ट बांधलेली आहे तिथे लावा काय लावायचं ते. एवढं मान्य. यापुढे एक इंचही नाही.

तिसरा_गिअर:
नव्या हार्नेसमध्ये जोडच नसतात. आपलं सहज सांगितलं.

जुनाट_पाना:
धागा कुठे चालला होता आणि कुठे गेला! मुख्य गोष्ट राहिलीच. ताई, सीटखालच्या आणि स्टिअरिंगभोवतीच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, ते एअरबॅगचे. त्यांच्यावर ओहममीटर किंवा टेस्ट लॅम्प तर कधीच नाही. सीट काढायचीच झाली तर आधी बॅटरीची तार सोडवून थोडा वेळ थांबा.

शून्य_व्होल्ट:
टेस्ट लॅम्प कुठेच वापरू नका. तारेला टोचून टोचून चाळण करतात लोक, मग त्या भोकातून हिरवा गंज धरतो आणि दोष येतो ‘जुन्या वायरिंगवर’.

तिसरा_गिअर:
म्हणजे वायरिंग खराब असतं हे मान्य केलंत तर!

नवी_जुनी:
निकाल सांगते. लॅच बंद करून पस्तीस मिनिटं थांबले. ४१० मिलिअँपिअर. फ्यूज एकेक मोजत गेले, एकाच फ्यूजवर ३ मिलिव्होल्ट, बाकी सगळीकडे शून्य. तो आतल्या दिव्याचा. पण दिवा तर बंद. तार धरून मागे गेले तर डॅशबोर्डखाली स्पंजमध्ये गुंडाळलेला एक काळा डबा, आधीच्या कुठल्या तरी मालकाने लावलेला ट्रॅकर. ना सिम चालू, ना कुणी विचारणारं. बिचारा अहोरात्र सिग्नल शोधत बसला होता. काढून टाकला. आता २८ मिलिअँपिअर. गाडी सहा दिवस उभी ठेवली, पहिल्या सेल्फला सुरू.

इंडिकेटरचा बोल्टही घासला. आधी १.९ व्होल्ट, आता ०.०४. लुकलुक बंद.

ट्रॅकरचा जोड मात्र सोल्डरचा होता, वर हीटश्रिंक. इतका सुबक की कापायला जिवावर आलं.

ओहम_शांती:
बघा!! किती वर्षं टिकला! बोला आता पक्कडराव.

पक्कड:
टिकला म्हणूनच तर बॅटरी पडत होती. वेळेवर तुटला असता तर ताईंना हा धागाच लागला नसता. तुमच्या जमातीचं हे पहिलं अपयश जे न तुटल्यामुळे आलं, अभिनंदन.

रात्रपाळी:
मायक्रोस्विच नव्हता तर. बरं, असो. गालिचा तरी एकदा पुन्हा दाबून बघा.

तिसरा_गिअर:
ताई, मनापासून अभिनंदन. दोन दोष सुटले. पुढचे वीस निघतील तेव्हा हार्नेस कुठे मिळतो ते सांगेन, राग नाही. तो जुन्या मालकाचा डबा मात्र माझ्या अठ्ठावीस जोडांच्याच घराण्यातला, हे लिहून ठेवा.

जुनाट_पाना:
लिहून ठेवलं. आधी जुन्या मालकांची करणी उपटा, मूळ तारा नंतर. हे तुमच्याकडून आलं हे विशेष. आणि काच?

नवी_जुनी:
नळीत दोन तारा तुटलेल्या होत्या. रात्रपाळींचं खरं निघालं. जोडल्या, काच झर्रकन खाली-वर जाते.

कशाने जोडल्या ते विचारू नका.

पक्कड:
कशाने जोडल्या?