मदत हवी आहे : माइनक्राफ्ट सर्व्हरवर खेळाडू टिकवायचे कसे?

नमस्कार मंडळी. बेळगाव आणि खानापूर भागातील आम्ही काही मित्र माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करण्याच्या खेळाच्या जावा, म्हणजे संगणकावरील आवृत्तीचा सर्व्हर (अनेकांना एकत्र खेळता येईल अशी ऑनलाइन जागा) चालवतो. आपल्याकडची बहुतेक मुले मोबाइलवर, म्हणजे बेडरॉक आवृत्तीवर खेळतात. त्यामुळे बेडरॉकच्या खेळाडूंना जावा सर्व्हरवर येऊ देणारे गीझर हे प्लगइन (जोड-प्रणाली) बसवून जावाच्या 25565 या पोर्टसोबत, म्हणजे जोडणीच्या क्रमांकासोबत, बेडरॉकसाठी 19132 हे यूडीपी पोर्टही खुले केले आहे, आणि तांत्रिक बाजूने आता फारशी तक्रार उरलेली नाही. अडचण निराळीच आहे. नवा खेळाडू येतो, येळ्ळूरच्या राजहंसगडाची आम्ही बांधत आणलेली तटबंदी पाहतो, चॅटमध्ये ‘कोणी आहे का?’ एवढे विचारतो आणि उत्तर न मिळाल्याने निघून जातो. पुढचा येतो तेव्हाही सर्व्हर रिकामाच असतो.

सर्व्हरची यादी देणाऱ्या संकेतस्थळांवर नोंद केली, परंतु तिथे मतांच्या क्रमवारीत लहान सर्व्हर तळाशीच राहतो. म्हणून रविवारी संध्याकाळी किल्लाबांधणीची स्पर्धा ठेवण्याचा विचार आहे. (दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करणाऱ्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही.) बक्षीस म्हणून जबर शस्त्रे देण्यास मात्र माझा विरोध आहे, कारण त्याने नवख्यांचा हिरमोड होतो.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे, की आरंभी ठरावीक वेळेपुरताच सर्व्हर उघडा ठेवणे हिताचे ठरते का, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी चॅट एकच ठेवावे की वेगवेगळे, आणि डिस्कॉर्ड हे खेळाडूंचे गप्पांचे अ‍ॅप न वापरणाऱ्या मुलांसाठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत निमंत्रण पाठवणे योग्य दिसेल का?