प्रतिसाद: फोटोपुरते येतात म्हणे!

‘परदेशी स्वयंसेवक डोंगरात जातात, फोटो काढतात नि परत येतात’ हे वरचं मत अर्धंच पटलं. पैसे भरून केलेली दोन आठवड्यांची ‘सेवा’ असेल तर पूर्ण पटलं! पण नेपाळात पीस कोअरचे (अमेरिकी सरकारची स्वयंसेवक पाठवणारी संस्था) अमेरिकन १९६२ पासून येतात. माओवादी संघर्षामुळे २००४ मध्ये बंद पडलं, २०१२ ला पुन्हा सुरू झालं. नेमणूक दोन वर्षांची, राहणं गावातल्याच कुटुंबात.

मी नेपाळातल्या लमजुंग या डोंगराळ जिल्ह्याकडे होतो तेव्हा शेजारच्या घरी असाच एक मुलगा होता. पहाटे चहा, दहाच्या आत डाळभात, मग थेट संध्याकाळी पुन्हा डाळभात. मधे भाजलेला मका नाहीतर पोहे. सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा; हे काही त्याच्या अंगवळणी पडेना. उष्ट्या-खरकट्याचे नियम तर आपल्या आजीच्या वरताण. जेवता हात भाताच्या डावाला लागला की घरची आमा (आई) काही बोलायची नाही, नुसता डाव बाजूला ठेवून दुसरा घ्यायची. पावसाळ्यात जळवा, म्हणून काठीच्या टोकाला मिठाची पुरचुंडी. असार १५ ला (नेपाळी आषाढाचा पंधरावा दिवस, भातलावणीचा सण) भातलावणीत त्याला सगळ्यांनी चिखलात लोळवला, मग दही-पोहे. हिवाळ्यात लोडशेडिंग भयंकर असायचं, कारण वीज बहुतेक नद्यांवरची आणि तेव्हा पाणी आटलेलं.

त्याचं काम भाजीच्या वाफ्यांचं. निम्मा दिवस घरोघरी चहा पिण्यात जायचा खरा, पण चहा नाकारणाऱ्याकडून तिथे बियाणं कोणी घेतलं असतं?