किडनी बदललेल्या पेशंटच्या पायावर काळा डाग: थांबायचं की लगेच पाठवायचं?

खेड्यातला_डॉक्टर

जनरल प्रॅक्टिस, तालुक्याची जागा. किडनी प्रत्यारोपण झालेला, जुना मधुमेह असलेला पेशंट. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) १० मिग्रॅ, ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू. उजव्या पायाच्या करंगळीच्या बुडाशी पाण्याचा फोड आला, दोन दिवसांत ती जागा काळी-जांभळी झाली आणि भोवती चार बोटं सूज आहे. ताप ९९ च्या आत. पू नाही, वास नाही. पांढऱ्या पेशी ६,८००. घरचे म्हणतात, 'सुकत चाललंय.'

ड्राय गँगरीन समजून गोळ्या देऊन दोन-तीन दिवस बघणं कितपत सुरक्षित? मोठं हॉस्पिटल तीन तासांवर आहे. पाठवायचंच तर निघण्याआधी इथे काय उरकावं? आणि केमो चालू असलेल्यांना हेच लागू का?

टाकेदोरे

डॉक्टर, आजच पाठवा. ड्राय गँगरीनमध्ये बोट आक्रसतं, कोरडं लाकडी होतं आणि मेलेल्या-जिवंत भागामध्ये स्पष्ट रेघ पडते. तुमच्या वर्णनात सूज आहे, रेघ नाही, आणि सगळं दोन दिवसांत घडलंय. हे ओलं गँगरीन आहे किंवा खाली नेक्रोटायझिंग फॅसायटिस (कातडीखाली झपाट्याने पसरून मांस मारणारं इन्फेक्शन) सुरू आहे, असं धरूनच चाला.

पू नाही यावर अजिबात जाऊ नका. पू म्हणजे मेलेल्या न्यूट्रोफिल्सचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) ढीग. स्टेरॉइडमुळे त्या रक्तातून जखमेपर्यंत नीट पोचतच नाहीत, मग पू होणार कशाचा? तापाचंही तेच. आणि पांढऱ्या पेशी स्टेरॉइडने वाढतात, मायकोफेनोलेटने घटतात, त्यामुळे ६,८०० या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. नेक्रोटायझिंग फॅसायटिसचा अंदाज बांधणारा एलआरआयएनईसी स्कोअर (सीआरपी, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन, साखर) साध्या पेशंटमध्येही रोग नाकारायला पुरा पडत नाही, इथे तर सहाच्या खाली आला म्हणून निर्धास्त राहणं धोक्याचं.

हाताने तपासा. काळ्या भागाच्या बाहेर, वरून बरी दिसणारी कातडी दाबा. ती टणक लागते का, बोटाखाली चरचर होते का, दाबल्यावर पेशंट ओरडतो का? मधुमेहात पाय बधिर असतो म्हणून दुखत नसेल तर त्याचा अर्थ काही नाही. पण एरवी बधिर असलेला पाय ठणकायला लागला तर ती मोठी धोक्याची खूण. उलट, आधी दुखणारी जागा अचानक बधिर झाली, तर तिथल्या नसा मेल्या असं समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून सूज आणि टणकपणाची कड बॉलपेनने आखा आणि शेजारी वेळ लिहा. तासाभरात कड रेघेच्या पुढे गेली तर फोन करून ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगा.

एक्स-रे हाताशी असेल तर काढा. गॅस दिसला तर निदान पक्कं, न दिसला म्हणून सुटका नाही. एमआरआयच्या रांगेत पेशंट बसवू नये. शंका असेल तर आम्ही सर्जन भूल देऊन दोन सेंटीमीटरचा छेद थेट खोल फॅसियापर्यंत (स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत) घेतो. रक्त येत नाही, भांडी विसळलेल्या पाण्यासारखं राखाडी पाणी येतं आणि बोट घातलं की थर आपसूक सुटत जातात, मग तिथूनच पुढे उघडायचं. हे मात्र क्लिनिकमध्ये करू नका. छेद वाढवत न्यायची तयारी असेल तिथेच तो घ्यायचा.

गाळणी

किडनीच्या बाजूने काही गोष्टी, कारण चुका बहुतेक इथेच होतात.

स्टेरॉइड अजिबात बंद करायचं नाही. वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन घेणाऱ्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात, ताणाच्या वेळी त्या जाग्या होत नाहीत आणि बीपी कोसळतं. बीपी उतरू लागलं असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून द्या, पुढे ५० मिग्रॅ दर सहा तासांनी. मायकोफेनोलेट अशा जिवावरच्या इन्फेक्शनमध्ये थांबवतात. टॅक्रोलिमस कमी करायचं की बंद, ते प्रत्यारोपण केलेल्या टीमशी फोनवर बोलून ठरवा. शेवटचा डोस किती वाजता घेतला हे चिठ्ठीवर लिहाच, पातळीचं रक्त पुढच्या डोसच्या आधी काढावं लागतं आणि वेळ माहीत नसेल तर रिपोर्टचा उपयोग शून्य.

दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक टोचू नका. टॅक्रोलिमससोबत किडनीला फटका बसतो आणि ठणकाही झाकला जातो. पॅरासिटामॉल द्या, लागलं तर ट्रामाडॉल कमी मात्रेत. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोल टॅक्रोलिमसची पातळी वर चढवतात, सहज लिहून देऊ नका.

अँटिबायोटिक: पहिला डोस पूर्ण द्या, क्रिएटिनिन बघून कापू नका. मात्रा जुळवायची ती दुसऱ्या डोसपासून. मेरोपेनेम १ ग्रॅम किंवा पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम, सोबत क्लिंडामायसिन ९०० मिग्रॅ. क्लिंडामायसिन जंतूंचं विष बनणं थांबवतं, म्हणून ते बाकीच्यांना पर्याय नसून जोडीला हवं. एमआरएसएचा (नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणाऱ्या स्टॅफ जंतूचा) संशय असेल तर लिनेझोलिड ६०० मिग्रॅ. व्हॅन्कोमायसिन आणि पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम ही जोडी प्रत्यारोपित किडनीत टाळलेली बरी. अ‍ॅमिकासिन तर नकोच.

पेशंट डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनवर (लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांवर) असेल तर आजपासून बंद. साखर २०० च्या आसपास दिसत असूनही या गोळ्यांवर रक्तात आम्ल साचवणारा कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. याच गटाच्या औषधांबाबत अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये फोर्निए गँगरीनचा (गुप्तांगाभोवतीचं मांस मारणाऱ्या इन्फेक्शनचा) इशारा दिला होता, तेव्हा गुप्तांग आणि गुदद्वाराभोवतीची जागाही कपडे काढून बघा. लाजेपोटी पेशंट ती सांगत नाहीत.

आणखी एक, हे सर्जनलाही सांगावं लागतं. नवी किडनी बहुधा ती बसवलेल्या कुशीतल्या, पायाला रक्त नेणाऱ्या इलियाक धमनीला जोडलेली असते. त्या धमनीत किडनीच्या वर अडथळा आला तर पाय थंड पडतो आणि क्रिएटिनिनही वाढतं. दोन्ही एकदम झालं आणि किडनी त्याच बाजूला असेल, तर आधी डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी). अँजिओप्लास्टीची वेळ आली तर शक्यतो दुसऱ्या बाजूच्या जांघेतून जावं.

काचपट्टी

सॅम्पल कसं पाठवायचं ते नीट वाचा, कारण चुकलेलं सॅम्पल परत घेता येत नाही. जखमेवरून फिरवलेला स्वॅब कातडीवरचे जंतू दाखवतो, खोलवरचे नाही. मेलेला भाग काढल्यावर कडेचा, अर्धा जिवंत दिसणारा तुकडा घ्या. त्याचे दोन भाग करा. एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला. दुसरा निर्जंतुक डबीत, सुकू नये इतपत चार थेंब सलाईन टाकून, कल्चर आणि बुरशीसाठी. थिएटरमध्ये घाईत अख्खा तुकडा फॉर्मेलिनमध्ये जातो आणि मग कल्चर कायमचं गेलं. फॉर्मवर 'इम्युनोसप्रेस्ड, म्युकर?' (प्रतिकारशक्ती दाबलेला पेशंट, काळी बुरशी?) हे शब्द लिहा. ते वाचलं की लॅब तुकडा कुटत नाही, बारीक चिरून लावते. म्युकरचे धागे आत पडदे नसलेले असतात, कुटले की मरतात आणि कल्चर निगेटिव्ह येतं.

केओएच माउंटचं (तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून बुरशी शोधायच्या चाचणीचं) उत्तर तासाभरात मिळतं, त्यासाठी फोन करा. रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटणारे धागे दिसले तर कल्चरची वाट बघायची नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकर पाहिला तो नाक, टाळू आणि डोळ्यांतला, त्यामुळे कातडीचा म्युकर अजून चटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. तो मातीत भरलेल्या जखमेत, इंजेक्शनच्या जागी, अगदी चिकटपट्टीखालीही उगवतो. रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवतो, म्हणून मांस काळं पडतं, आणि म्हणूनच नुसतं औषध मेलेल्या भागात पोचत नाही. कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये रक्तातलं लोह प्रथिनापासून सुटं होतं आणि बुरशीला आयतं मिळतं. गाळणींनी साखरेच्या गोळ्यांचं सांगितलं, त्याची कडी इथे जुळते.

औषध लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी, किलोमागे ५ मिग्रॅ रोज. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, सलाईनमध्ये साका होतो. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोज तपासा. व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकान या बुरशीच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या तरी म्युकर नाकारता येत नाही, त्या चाचण्या त्याला पकडतच नाहीत. पुढे बुरशीवरचं पोसाकोनॅझोल सुरू झालं की टॅक्रोलिमस साधारण एक तृतीयांशावर आणावं लागतं.

केमोचं विचारलंत. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना लाल ठिपका, त्यावर रक्ताळ फोड आणि मग लाल कड्याची काळी खपली, हे सगळं १२ ते २४ तासांत झालं तर एक्थायमा गँगरिनोसम. बहुतेक वेळा स्युडोमोनास जंतू, आणि तो रक्तातून तिथे आलेला असतो, म्हणजे पेशंट सेप्सिसमध्ये (इन्फेक्शन अंगभर भिनलेल्या अवस्थेत) आहे. काख, जांघ आणि बसायच्या जागा बघा. इथे ताप हीच मोठी खूण: एकदा ३८.३ किंवा तासभर ३८.० सेल्सिअस, की तासाच्या आत अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे.

गॉजपीस

डॉक्टर लोक औषधांत रमलेत, पायाचं मी सांगते.

सलाईनने ओला केलेला गॉज सैल ठेवा, वर कोरडा पॅड आणि सैल रोलर. क्रेप बँडेज आवळू नका. स्टेरॉइडवरच्या पेशंटची कातडी कागदासारखी असते, तिला चिकटपट्टी लावली की काढताना सोलून निघते. बोटांच्या बेचक्यांत कोरडा गॉज. फोड फोडू नका, खपली उचकटू नका. पायात नाडी लागत नसेल तर पाय उशीवर उंच करायचा नाही, आहे तेवढं रक्तही उतरतं.

खरोखरच कोरडं झालेलं बोट असेल (हे या पेशंटचं नव्हे) तर उलटा नियम. त्यावर ओलं काहीही नको, ना मलम ना ओला गॉज. पोव्हिडोन आयोडीन लावून कोरडं ठेवायचं. कोरडं गँगरीन ओलं झालं की तिथे इन्फेक्शन शिरतं.

घरच्यांना दम द्यायच्या गोष्टी: गरम पाण्याची पिशवी, मिठाच्या पाण्यात पाय बुडवणं, हळद-तेलाचा लेप, कॉर्न कॅप. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि कॉर्न कॅपमधलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड चांगली कातडीही खातं. जमिनीवर झोपणाऱ्या पेशंटच्या बधिर बोटांना रात्री उंदीर कुरतडतात, सकाळी कळतं. सुरुवात कशी झाली विचारताना हेही विचारा.

रापण

किनारपट्टीच्या डॉक्टरांसाठी जोड. लिव्हर सिऱ्हॉसिसचा पेशंट, पायाला जखम असताना खाडीत उतरला किंवा कच्ची कालवं खाल्ली, आणि चोवीस तासांत रक्ताळ फोड, तर व्हिब्रिओ व्हल्निफिकस (खाऱ्या पाण्यातला जंतू) धरा. डॉक्सिसायक्लिन आणि सेफ्टाझिडिम किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. सिऱ्हॉसिसला आपण इम्युनिटी कमी असलेल्यांत मोजत नाही, तिथेच फसतो. प्लीहा काढलेल्याला कुत्रा चावला तर जखम किरकोळ असली तरी अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट सुरू करा. कॅप्नोसायटोफागा या कुत्र्याच्या तोंडातल्या जंतूच्या सेप्सिसमध्ये बोटं काळी पडतात.

खेड्यातला_डॉक्टर

सगळ्यांचे आभार, १०८ ला फोन केलाय. दोन शंका. कल्चरचं रक्त काढायच्या आधी अँटिबायोटिक दिलं तर पुढचे लोक ओरडतात, काय करावं? आणि घरचे विचारतात, 'पाय वाचेल ना?' त्यांना काय सांगू?

टाकेदोरे

ब्लड कल्चरच्या बाटल्या असतील तर दोन वेगवेगळ्या जागांवरून दोन सेट काढा, पाच-दहा मिनिटांचं काम. नसतील तर डोस द्या आणि वेळ लिहा. तीन तासांचा प्रवास डोसशिवाय करू नये. ओरडणाऱ्यांना ओरडू द्या, काचपट्टी खोलवरच्या तुकड्यातून जंतू काढायचा प्रयत्न करतील.

घरच्यांना आज पायाचा शब्द देऊ नका. आधी जीव, मग गुडघा, मग टाच, असा आमचा क्रम असतो. काळ्या कातडीपेक्षा आतलं नुकसान लांबवर गेलेलं असतं, म्हणून पहिल्या ऑपरेशननंतर जखम बघून त्यांना धक्का बसतो, तो आधीच सांगून ठेवा. आम्ही रक्त येईपर्यंत कापतो, जखम उघडी ठेवतो आणि २४ तासांत परत थिएटरमध्ये नेऊन बघतो. दोन-तीन फेऱ्या लागणं नेहमीचं. व्हॅक्यूम ड्रेसिंग (उणे १२५ मिमी) मेलेला भाग पूर्ण निघाल्यावरच, त्याआधी लावलं तर खाली काय चाललंय ते झाकलं जातं.

रक्तपुरवठ्याचा क्रम लक्षात ठेवा. ओल्या गँगरीनमध्ये आधी घाण काढायची, मग धमनी उघडायची. कोरड्यात आधी धमनी, मग बोट. एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या बीपीचं गुणोत्तर) १.४ च्या वर आला तर तो खरा नाही, धमन्यांत चुना साचलाय म्हणून पट्ट्याने दाबल्या जात नाहीत. पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मागा. ते ३० च्या खाली असेल तर रक्तपुरवठा न सुधारता कापलेली कड भरून येणं अवघड.

गाळणी

चिठ्ठीत लघवीचं प्रमाण, जुनं क्रिएटिनिन आणि नवी किडनी कोणत्या बाजूला आहे तेही लिहा. गोळ्यांची पाकिटं पेशंटसोबत द्या, टॅक्रोलिमसचा ब्रँड मध्येच बदलला की पातळी हलते. मायकोफेनोलेट पुन्हा कधी सुरू करायचं ते पायाची जखम भरू लागल्यावर प्रत्यारोपणाची टीम ठरवेल, घरच्यांनी स्वतःहून सुरू करू नये.