१५० सीसी बाईकला कारचं फुल्ली सिंथेटिक ऑइल चालेल का?

बार्शीचा_रायडर:
नमस्कार मंडळी, माझी १५० सीसी बाईक आहे, कामामुळे रोज बार्शी-सोलापूर होतं. सर्व्हिस बुकात १०डब्ल्यू-३०, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा ऑइलचा दर्जा) एसएल किंवा वरचं, जासो एमए असं दिलंय. पण ऑइलच्या दुकानातले काका म्हणतात ते आता जुनं झालं, कारचं फुल्ली सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी घे, लेटेस्ट आहे, ॲव्हरेज वाढेल, आणि वर ॲडिटिव्हची एक बाटली टाक म्हणजे आतून कोटिंग बसतं. डब्यावर पण इंजिनचं आयुष्य वाढवतं वगैरे मोठ्या अक्षरात आहेच. नक्की काय बघून घ्यायचं?

घाटातला_फिटर:
भाऊ कारचं टाकू नको. कारचा क्लच कोरडा असतो, आपल्या गिअरच्या बाईकचा क्लच त्याच इंजिन ऑइलात बुडालेला असतो आणि गिअरबॉक्सलाही तेच ऑइल, म्हणजे एका ऑइलवर तीन कामं. कारच्या ५डब्ल्यू-३० मध्ये पेट्रोल वाचावं म्हणून बऱ्याचदा घर्षण कमी करणारी केमिकल्स असतात, मागच्या गोल एपीआय चिन्हात खालच्या बाजूला "रिसोर्स कन्झर्व्हिंग" लिहिलेलं दिसेल. इंजिनला ते चांगलं, पण क्लच प्लेटला पकड लागते ना. घाटात टॉप गिअरला ॲक्सिलरेटर पिळला की आवाज चढतो आणि गाडी मात्र तेवढी ओढत नाही, ती क्लच स्लिपची खूण. जासो ही जपानी टेस्ट त्यासाठीच आहे, एमए आणि एमए२ म्हणजे ओल्या क्लचला पकड मिळते हे तपासलेलं, एमए२ ची पकड जास्त. एमबी गिअरलेस स्कूटरसाठी, तिचा क्लच ऑइलात नसतो. काही कारच्या ऑइलवर रिसोर्स कन्झर्व्हिंग नसतंही, पण जासो नाही म्हणजे तुझ्या क्लचसाठी ते कुणी तपासलेलंच नाही. शिवाय गिअरच्या दातात ऑइल चिरडून पातळ होतं, जासोमध्ये त्याचीही परीक्षा असते.

पुण्याची_मेकॅनिकल:
लेटेस्टबद्दल सांगते. एपीआय एसपी २०२० मध्ये आलं, त्यात मुख्य भर लहान टर्बो डायरेक्ट इंजेक्शन कार इंजिनांवर होता, कमी आरपीएमला वेळेआधीच होणारा स्फोट आणि टायमिंग चेनची झीज. तुझ्या बाईकला टर्बो नाही. एसपी असलं तर बिघडत नाही, फक्त सोबत जासो एमए पाहिजे. ५डब्ल्यू आणि १०डब्ल्यू चा फरक तर थंडीतल्या स्टार्टचा, ती टेस्टच उणे ३० आणि उणे २५ डिग्रीला करतात, बार्शीत काय उपयोग! शेवटचा ३० म्हणजे तापलेल्या इंजिनात, १०० डिग्रीला, ऑइल किती दाट राहतं ते, तो सर्व्हिस बुकातलाच ठेव.

आणि फुल्ली सिंथेटिक. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीविरुद्ध तक्रार केली होती की खनिज तेलावर जास्त प्रक्रिया करून बनवलेल्या ग्रुप ३ बेस ऑइलला सिंथेटिक म्हणू नये, आणि तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या संस्थेने निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून बऱ्याच फुल्ली सिंथेटिक डब्यांत ग्रुप ३ असतं. ते वाईट नाही, उष्णतेत साध्या मिनरलपेक्षा नक्की जास्त टिकतं, पण नुसत्या त्या शब्दासाठी दुप्पट पैसे देऊ नको. सेमी सिंथेटिकमध्ये तर किती टक्के सिंथेटिक आहे हे डब्यावर सहसा लिहितच नाहीत.

बार्शीचा_रायडर:
भारी माहिती, धन्यवाद ताई आणि दादा. कोटिंगवाल्या बाटलीचं काय? आणि डब्यावर "मीट्स एपीआय एसएन" लिहिलेलं असलं तर ते एपीआयने मान्य केलेलंच ना?

घाटातला_फिटर:
बाटली ठेव तिथेच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने स्लिक ५० नावाच्या अशाच ॲडिटिव्हवर कारवाई केली, १९९७ मध्ये तडजोड झाली आणि पुराव्याशिवाय झीज कमी होते असे दावे करायचे नाहीत असं ठरलं. चांगल्या ऑइलमध्ये कंपनीने ॲडिटिव्ह आधीच मोजून टाकलेले असतात, वरून काही ओतलं तर ते प्रमाण बिघडतं, आणि त्या बाटलीतलं केमिकल ओल्या क्लचला चालतं का हे कोण सांगणार?

"मीट्स" हा कंपनीचा स्वतःचा शब्द. एपीआयचं गोल चिन्ह लायसन्स घेतल्यावरच लावता येतं, लायसन्सवाल्यांची यादी एपीआयच्या साइटवर फुकट बघता येते. जासोच्या चौकटीतही कोड नंबर असतो तो बघ.

आणि सील तुझ्यासमोर फोडायला सांग, ऑइल ओतून झालं की रिकाम्या डब्याला भोक पाडूनच टाक, नाहीतर त्याच डब्यात भेसळीचं भरून परत विकतात.