गेम स्टडीजची दोन दिवसांची कार्यशाळा, सोलापूर: ४० विद्यार्थी आणि २० पीसी, काय बसेल?

लॅब_क्र_३
जानेवारीत होटगी रोडला कॉलेजमध्ये गेम स्टडीजची, म्हणजे खेळांच्या अभ्यासाची, कार्यशाळा आहे. कॉम्प्युटर आणि मराठी विभाग मिळून घेताहेत. ४० विद्यार्थी, २० पीसी (४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही), नेट भरवशाचं नाही. सध्याचा आराखडा असा: पहिला दिवस पूर्ण व्याख्यानं, दुसऱ्या दिवशी सकाळी युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर), दुपारी आर्डुइनो (बटणं, वायर जोडून प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड). मुलांनी केलेले गेम मराठीत असावेत ही अट आहे. यात काय काढावं, काय ठेवावं?

नवकंकरी_२४
दिवसभराची व्याख्यानं आधी काढा. जेवणानंतर निम्मा हॉल पेंगतो.

सकाळी नवकंकरी मांडा, दोघांनी सोंगट्यांनी खेळायचा पटावरचा जुना खेळ. ए-थ्री कागदावर एकात एक तीन चौकोन आणि बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा, म्हणजे २४ घरं. प्रत्येकाला ९ सोंगट्या: एकाला चिंचोके, दुसऱ्याला शर्टाची बटणं. शेंगदाणे देऊ नका, डाव संपेपर्यंत उरत नाहीत. पहिला डाव नेहमीच्या नियमांनी, २५ मिनिटं. मग प्रत्येक जोडीनं एकच नियम बदलायचा: ९ ऐवजी ६ सोंगट्या, किंवा तीनच सोंगट्या उरल्यावर कुठेही उडी मारायची मुभा बंद. पुन्हा खेळायचं, चाली मोजायच्या आणि कुठे कंटाळा आला तिथे खूण करायची. दोन नियम एकदम बदलले की फरक कशामुळे पडला ते कळत नाही. मुलं हमखास दोन बदलतात, तेव्हा फिरत राहा.

तेलुगूत याच खेळाला दाडी म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी मुलं असतील तर त्यांच्या घरचे नियम विचारा. फरक निघाला तर चर्चेचा पहिला विषय आयता मिळाला.

व्याख्यान यानंतर, ४० मिनिटंच. ह्युझिंगा (खेळ आणि संस्कृतीवरचं १९३८चं पुस्तक) पाच मिनिटांत आटपा. फ्रेंच अभ्यासक कायवाच्या १९५८च्या पुस्तकातले खेळांचे चार प्रकार मात्र सावकाश घ्या: चढाओढ, नशीब, सोंग, गरगर. उदाहरणं गड्ड्याच्या (संक्रांतीतल्या सिद्धेश्वरच्या) जत्रेतली द्या. बंदुकीनं फुगे फोडणं ही चढाओढ, आकाशपाळणा ही गरगर. बाकीची दोन मुलांना शोधू द्या. २००१मध्ये खेळांचे अभ्यासक आर्सेथ यांच्या संपादनाखाली 'गेम स्टडीज' हे नियतकालिक निघालं, ते ऑनलाइन फुकट वाचता येतं, एवढं सांगा. 'गेम म्हणजे कथा की नियम' या वादाला दोन मिनिटं पुरेत, त्यातून मुलांच्या हाती फार लागत नाही. शेवटी २००४चा एमडीए (मेकॅनिक्स, डायनॅमिक्स, एस्थेटिक्स) आराखडा. नियम लिहिणारा लिहितो, त्यातून खेळणाऱ्याचं वागणं घडतं आणि त्यातून अनुभव. सकाळचे कागद भिंतीवर असतील तर हे समजवावं लागत नाही, नुसतं बोट दाखवायचं.

अर्धा_य
युनिटी काढा. इन्स्टॉलेशन काही जीबीचं, ४ जीबी रॅमवर रडेल. शिवाय त्यातल्या टेक्स्टमेशप्रोला (अक्षरं दाखवणाऱ्या भागाला) देवनागरीची जोडणी नीट जमत नाही: 'कि'ची वेलांटी क-च्या उजवीकडे जाते, 'क्ष' सुटा पडतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. अक्षरं जुळवणारा शेपिंगचा भागच कमी पडतो.

मराठी विभागाच्या मुलांना ट्वाइन द्या, पर्याय निवडत पुढे जाणाऱ्या गोष्टी लिहायचं साधन. आउटपुट एचटीएमएल असतं, जोडाक्षरं ब्राउझर सांभाळतो. धोका एकच. ब्राउझरमधल्या ट्वाइनचं काम त्या ब्राउझरच्या साठवणीतच राहतं. लॅबचे पीसी रोज रात्री साफ होत असतील किंवा कुणी इनकॉग्निटोत बसलं असेल तर दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. जेवायच्या सुट्टीआधी आणि निघताना प्रत्येकानं गेमची फाइल पेनड्राइव्हवर उतरवायची.

कॉम्प्युटरवाल्यांना गोडो ४, हेही गेम बनवायचं सॉफ्टवेअर. इन्स्टॉल करावं लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालतं. नवा प्रोजेक्ट करताना रेंडरर (चित्र काढणारा भाग) 'कंपॅटिबिलिटी' निवडा, नाहीतर जुन्या पीसीवर व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीच्या नावानं अडेल. गोडो ३ चुकूनही देऊ नका, त्यात जोडाक्षरं जुळत नाहीत. चारमध्ये जुळतात, पण एक गोम आहे. पीसीवर गेम चालवताना फॉन्टमध्ये मराठी नसेल तर तो विंडोजचा फॉन्ट उसना घेतो, म्हणून सगळं छान दिसतं. वेब एक्स्पोर्टला (ब्राउझरसाठी काढलेल्या गेमला) ही उसनवारी नाही, मराठीच्या जागी चौकोन येतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट पहिल्याच दिवशी प्रोजेक्टमध्ये टाकून थीमचा मूळ फॉन्ट करा.

लूज_कनेक्शन
आर्डुइनो ठेवा, पण नेहमीचा उनो (आर३) बोर्ड नको. त्याच्या मुख्य चिपला स्वतःचं यूएसबी नाही, त्यामुळे गेम खेळायची बटणं त्यावर जोडली तरी पीसीला तो कीबोर्ड म्हणून सरळ दिसत नाही. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो बोर्ड घ्या. चौघांत एक संच, म्हणजे १०, वर २ जादा. प्रत्येक संचात ५ पुशबटणं, १ टॉगल स्विच, ब्रेडबोर्ड, १५ जंपर वायर. केबल डेटावाली आहे ना ते आधी प्रत्येक तपासा. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर बोर्डचा दिवा लागतो, पण पोर्ट दिसत नाही, आणि मुलं अर्धा तास ड्रायव्हरला दोष देत बसतात.

बटणाचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला, पिन 'इनपुट_पुलअप'. नुसतं 'इनपुट' ठेवलं तर पिन लोंबकळते आणि वायरजवळ हात नेला तरी बटण दाबल्यासारखं होतं. दाबलं की पिन लो (शून्य) होते, इथे बरीच मुलं उलटा अर्थ लावतात.

टॉगल स्विच चैन म्हणून सांगितलेला नाही. कोडमध्ये चूक झाली की बोर्ड सतत अक्षरं टाइप करत सुटतो, आयडीईमधलं (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधलं) कोडही विस्कटतं आणि नवं अपलोड करता येत नाही. म्हणून लूपच्या (सतत फिरणाऱ्या कोडच्या) पहिल्याच ओळीत: टॉगल बंद असेल तर कीबोर्डला काही पाठवायचं नाही.

लॅब_क्र_३
युनिटी काढलं. शेवटी मुलांचे गेम तपासायला एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली द्यायचा विचार आहे. चालेल?

अर्धा_य
चालेल, आकडेमोड सांभाळा. १० विधानं, उत्तर १ ते ५. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा, सम क्रमांकाचं उत्तर ५मधून वजा, बेरीज गुणिले २.५. सगळीकडे ३ वर खूण केली तर ५० येतात. ती टक्केवारी नव्हे. साधारण सरासरी ६८ धरतात, त्यामुळे ५०ला 'काठावर पास' समजू नका. मराठी करताना सम क्रमांकाची विधानं नकारार्थीच राहू द्या, सुधारायला जाऊ नका.

नवकंकरी_२४
आणि एसयूएस वापरसुलभता मोजतं, मजा नाही. मजेसाठी प्रत्येक गेमला पाच खेळणारे बसवा आणि गेम करणाऱ्यानं तोंड बंद ठेवून मागे उभं राहायचं. 'अरे तिथे क्लिक कर' निघालं की ती फेरी बाद.

तारीख ठरली का? संक्रांतीच्या आठवड्यात ठेवू नका, निम्मी मुलं होम मैदानावर, गड्ड्याच्या जत्रेत सापडतील.

लॅब_क्र_३
२४–२५ बघतोय. चिंचोके किती लागतील?

नवकंकरी_२४
२० जोड्या, १८० चिंचोके. २०० घ्या, खिशात जातातच.