मदत हवी आहे : सू वू याला परतल्यावर मिळालेले पद कमी दर्जाचे होते का?

नमस्कार. प्राचीन चीनच्या हान राजवटीच्या काळातील दरबारी अधिकाऱ्यांविषयी वाचताना सू वू याच्या कारकिर्दीपाशी मी अडलो आहे. इ.स.पू. 100 मध्ये सम्राट वू याचा दूत म्हणून तो चीनच्या उत्तरेकडील श्योंगनू या भटक्या टोळ्यांकडे गेला. सहकाऱ्याच्या कटामुळे तो अडकला, तरीही त्याने शरणागती नाकारली. तेव्हा त्याला अन्नपाण्यावाचून कोंडण्यात आले आणि बर्फ व लोकरीच्या नमद्याचे तंतू गिळून तो जगला. पुढे दूर उत्तरेत मेंढे राखायला पाठवताना, मेंढे दूध देतील तेव्हाच सुटका, अशी अट घालण्यात आली. सम्राटाने दिलेला राजदंड त्याने, त्यावरचे गोंडे झडून गेले तरी, हातचा सोडला नाही.

इ.स.पू. 81 मध्ये तो परतला, तेव्हा त्याला आश्रित परकीय जमातींच्या कारभाराचे पद, 20 लाख नाणी, जमीन व घर मिळाले. मला हे सन्मानाचे वाटते. परंतु यान या मांडलिक राज्याच्या राजाने मात्र, एवढ्या निष्ठेचे फळ इतकेच का, अशी तक्रार तेव्हा सम्राटाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या ह्वो क्वांगच्या विरोधात मांडली होती. ती प्रामाणिक होती की निव्वळ राजकीय डावपेच? (मला दुसरीच शक्यता अधिक वाटते.) पुढच्याच वर्षी यानच्या राजाच्या गटाने केलेल्या बंडात सामील झाल्याबद्दल सू वूच्या मुलाला देहदंड झाला आणि त्याचे स्वतःचे पदही गेले.

हान काळातील पदांची उतरंड व वेतनश्रेणी समजावणारे मराठी किंवा इंग्रजी साहित्य कोणी सुचवू शकेल का?