लांब पल्ल्याचे धावणे आणि आपले काम: अनुभव लिहा

मॅरेथॉनच्या सरावातून अंगवळणी पडलेली एखादी सवय आपल्याला कामाच्या ठिकाणी उपयोगी पडली असेल, तर ती नेमकी कशी, हे येथे सविस्तर लिहावे. चिकाटी आणि शिस्त यांचे महत्त्व आपण सारेच जाणतो. प्रत्यक्षात काय बदलले ते वाचायला मिळावे, अशी इच्छा आहे. सुरुवात मी करतो.

मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात आहे. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे ऊर्जेसाठी साठवलेल्या साखरेचा, साठा साधारणपणे तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास संपत येतो आणि आरंभी पाय हलके वाटले म्हणून वेग वाढवणाऱ्याची तिथे दमछाक होते. २०२३ मध्ये शिकागोत केनियाचा धावपटू केल्विन किप्टम याने २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हाही त्याने शर्यतीचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा सुमारे एक मिनिट कमी वेळात धावून काढला होता. वार्षिक तपासणीच्या पहिल्या आठवड्यात उशिरापर्यंत थांबण्याचा उत्साह सर्वांनाच असतो; तरी मी सहकाऱ्यांना वेळेवर घरी पाठवतो, कारण न जुळणारी रक्कम पावती-पावती पडताळून शोधण्याचे किचकट काम शेवटीच येते आणि त्यासाठी डोके ताजे लागते.

दुसरा अनुभव: मी परिचारिका आहे. सोबत्याशी गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने धावण्याचे दिवसच सरावात सर्वाधिक असतात, हे पटायला मला वेळ लागला. आता रात्रपाळीनंतरची सुट्टी मी खरोखर विश्रांतीसाठीच ठेवते.

तिसरा अनुभव: वरील पहिल्या अनुभवाशी मी अंशतः असहमत आहे. ४२.१९५ किलोमीटरनंतर शर्यत संपते. आमच्या संगणकप्रणालीच्या देखभालीला मात्र अंतिम रेषाच नाही, त्यामुळे शक्ती शेवटासाठी राखून ठेवण्याचा हिशेब तिथे बसत नाही. मला अधिक उपयोगी पडली ती पेसरची, म्हणजे ठरलेला वेग राखून देण्यासाठी सोबत धावणाऱ्या साथीदारांची, पद्धत. २०१९ मध्ये व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे याने १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत हे अंतर कापले, तेव्हा वाऱ्याचा मारा अंगावर घेत पुढे धावणारे पेसर आळीपाळीने बदलत होते. अशा बदलत्या साथीमुळेही ती वेळ अधिकृत विक्रमात धरली गेली नाही, परंतु कार्यालयात असा कोणताही नियम आड येत नाही. रात्री-अपरात्री येणाऱ्या तक्रारींची जबाबदारी आम्ही दर आठवड्याला दुसऱ्याकडे सोपवतो आणि ज्याची पाळी संपली, त्याला पुढचे दोन दिवस कोणीही फोन करत नाही.